रंग जरा फिका आहे? असू दे!

गेल्या गणपतीत आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंना २१ उकडीच्या मोदकांची ऑर्डर आली. अट एकच, निम्मे गुलाबी आणि निम्मे हिरवे हवेत. पनवेलमध्ये कुठल्याही किराणा दुकानात खायच्या रंगाची छोटी बाटली मिळते. पण काकूंनी मार्केटमधून बीट आणि पालक आणला. मोदक मस्त झाले. ऑर्डर घ्यायला आलेल्या ताईंनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "काकू, रंग एवढा फिका का?" पुढच्या संकष्टीला त्यांनी दुसरीकडे ऑर्डर दिली.

मला ताईंचा राग आला. मग आठवलं, कॉलेजबाहेर ज्याचं शेजवान सगळ्यात लालभडक, त्याच्याच गाडीवर आपली गर्दी असते!

भारतात अन्नपदार्थांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात. पण गाडीवर प्रमाण कोण मोजणार? मार्च २०२४ मध्ये कर्नाटकने गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडीत कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. तपासलेल्या नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंगही सापडला होता. त्याच्या महिनाभर आधी तामिळनाडूने कॉटन कँडीच बंद केली होती.

घरी रंग करणं अवघड नाही. फक्त प्रत्येक रंगाचा स्वभाव ओळखा.

गुलाबी: बीट किसा, पिळा, रस गाळून घ्या. हा रंग उष्णतेला घाबरतो. मोदक वाफेवरच शिजतात, म्हणून काकूंचा गुलाबी उतरला. मी तर बीट घालून 'रेड व्हेल्वेट' करायला गेले आणि ओव्हनमधून चॉकलेटी केक बाहेर काढला! ओव्हनची उष्णता आणि खायचा सोडा, दोन्ही बीटला मानवत नाहीत. आइसिंग, श्रीखंड, लस्सी अशा थंड पदार्थांत मात्र तो झकास दिसतो.

पिवळा: चिमूटभर हळद पुरते, जास्त झाली तर चव लागते. हळदीत सोडा पडला की ती लालसर होते. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर.

हिरवा: पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, मग वाटून गाळा. यात लिंबू नको, हिरवा रंग मळकट होतो.

निळा: कुंपणावर चढणारी निळी गोकर्ण बघितली असेलच. आठ-दहा फुलांचे हिरवे देठ काढा आणि कपभर गरम पाण्यात पाकळ्या भिजवा. पाणी निळंशार होतं. त्यात लिंबू पिळा, डोळ्यांदेखत जांभळं! कोकमाचा रंगही याच कुळातला, अँथोसायनिनचा. फुलं घरच्या वेलीचीच घ्या. हार-फुलांच्या दुकानातली नकोत, त्यांवर फवारणी झालेली असू शकते.

या रंगांत टिकवणारं काही नसतं. त्यामुळे फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांत संपवा, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तसा एकेक क्यूब काढा.

आणि हो, बाटलीतल्या रंगासारखा भडकपणा यातून येणार नाही. सोलकढीचंच घ्या. घरी नुसत्या कोकमाची केली तर ती हलकी गुलाबी होते. कुठे गडद गुलाबी दिसली तर त्यात बीट असू शकतं, नाहीतर बाटलीतला रंग. पण आपल्या डोळ्यांना आता तोच रंग 'खरा' वाटायला लागलाय. विकणारा आपल्या डोळ्यांकडे बघूनच रंग ओततो. मग पुढच्या वेळी गाडीवर "भैया, तिखा कम" म्हणता तसं "कलर मत डालो" म्हणून बघा. मी म्हटलं. आधी तो हसला, पण दिलं बिनरंगाचं. चव तीच होती!

काकू आता ऑर्डर घेतानाच सांगतात, "रंग फिका येईल हं, चालेल ना?"

तुम्ही काय सांगाल?