रात्रीच्या विमान प्रवासात हाताशी काय ठेवाल? एका छोट्या पाउचचं गणित

मुंबईहून युरोपला जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर उडतात. थोड्याच वेळात दिवे मंद होतात, शेजारचा प्रवासी झोपतो आणि नेमकं तेव्हाच आठवतं, की रक्तदाबाची गोळी वरच्या कप्प्यातल्या बॅगेत राहिली! सीट बेल्टचा दिवा लागला असेल, तर उठताही येत नाही. त्यामुळे रात्रभर लागणाऱ्या वस्तू एका छोट्या पाउचमध्ये भरा आणि तो पुढच्या सीटखाली ठेवा.

औषधे : रात्रीचे आणि दुसऱ्या दिवसाचे डोस मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह घ्या. परदेशात घड्याळ बदलते. गोळी नेमकी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारा. इन्सुलिन चेक-इन बॅगेत ठेवू नका, तिथे ते गोठू शकते.

कोरडी हवा : केबिनमधील आर्द्रता अनेकदा 20 टक्क्यांच्याही खाली जाते. लिप बाम आणि लेन्स वापरत असाल तर चष्मा जवळ असू द्या. पाण्याची बाटली रिकामी न्या आणि सुरक्षा तपासणीनंतर भरा. क्रीम, जेलची बाटली 100 मिलिलिटरपेक्षा मोठी नको.

झोप : मोजे, आय मास्क, इअरप्लग आणि एक पातळ शाल पुरेशी आहे.

पॉवर बँक : ही चेक-इन बॅगेत चालत नाही. साधारण मर्यादा 100 वॅट-तासांची आहे. 20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे 20 गुणिले 3.7 व्होल्ट, अर्थात 74 वॅट-तास. जानेवारी 2025मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला आग लागली. ती पॉवर बँकेमुळे लागल्याची शक्यता तपासात पुढे आली. वरच्या कप्प्यात धूर उशिरा लक्षात येतो. म्हणूनच एमिरेट्सने 1 ऑक्टोबर 2025पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास मनाई केली असून, ती सीटच्या खिशात किंवा सीटखाली ठेवण्यास सांगितले आहे. तुमच्या कंपनीचा नियम तिकीट काढतानाच पाहा.

पासपोर्ट : सीटच्या खिशात ठेवू नका. उतरण्याच्या घाईत तो तिथेच राहू शकतो. पाउचच्या चेनबंद कप्प्यात ठेवा.

हे लक्षात ठेवा : सर्वात पुढची किंवा आपत्कालीन दरवाजाजवळची सीट असेल, तर टेक-ऑफ आणि लँडिंगला पायाशी सामान ठेवता येत नाही. अशा वेळी गोळ्या आणि चष्मा खिशातच ठेवा. आणि पाउच गेटवरच बॅगेतून बाहेर काढा. आत गेल्यावर मागे रांग खोळंबलेली असते.