मावळची जमीन : नोटीस ते जनसुनावणी

खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी लोणावळा, वळवण परिसरात शंभर वर्षांपूर्वी धरणे झाली. शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सत्याग्रह झाला. भूसंपादनाचा कायदा मात्र 1894 चाच राहिला. त्यात सरकारने ‘सार्वजनिक प्रयोजन’ ठरवायचे आणि शेतकऱ्याने फार तर हरकत नोंदवायची, एवढीच सोय होती.

9 ऑगस्ट 2011 रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला आणि काम थांबले.

2013 च्या नव्या कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी आणली. खासगी कंपनीसाठी 80 टक्के, तर सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी 70 टक्के बाधितांची संमती आवश्यक झाली. निव्वळ सरकारी प्रकल्पांना ही संमतीची अट नाही. शिवाय महाराष्ट्राने 2018 मध्ये पायाभूत सुविधा, औद्योगिक पट्टे अशा प्रकल्पांना या तरतुदींतून सूट देण्याची वाट मोकळी केली.

म्हणून प्राथमिक अधिसूचना निघाली की 60 दिवसांत लेखी हरकत नोंदवावी, पोच घ्यावी आणि सातबाऱ्यावरील नोंदी वेळीच तपासाव्यात.