प्लास्टर निघालं, पण कोपर वाकेना? चोळू नका, हलवा

गाडीवरून पडून कोपर मोडलं, प्लास्टर निघालं, तरी घास तोंडापर्यंत जात नाही. अशी माणसं आपल्याकडं गावोगाव दिसतात. मग कुणीतरी सांगतं, तेल लावून चोळून घ्या, नाहीतर पाण्याची बादली धरा, हात आपोआप सरळ होईल. नेमकं हेच करू नका. कोपर जोरात चोळलं किंवा ओढलं तर भोवतीच्या स्नायूत नवीन हाड तयार होऊ शकतं, आणि मग सांधा कायमचा आखडण्याची भीती असते.

एक्स-रे बघून डॉक्टरांनी हो म्हटलं की व्यायाम सुरू करायचा, तोही स्वतःच्या ताकदीनं. हात हळू वाकवा, हळू सरळ करा. कोपर बरगडीला टेकवून तळवा वर-खाली फिरवा. एका दमात शंभर वेळा करण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं केलेलं बरं. ताण जाणवणारच, पण सूज वाढली किंवा रात्रभर ठणका लागला तर जास्त झालं समजा. बोटं बधिर पडली तर लगेच दाखवा.

पेरणी कुणासाठी थांबत नाही हे खरं, पण कोपर मोकळं व्हायला काही महिने लागतात. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय असते. जाताना जुने एक्स-रे सोबत न्या.