केळवली आली, पण गाडी कुठे चाललीय?

कर्जत-खोपोली लोकलची मधली स्थानकं चारच: पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. समजा, या मार्गाच्या वेळापत्रकाचं एक छोटं पान तुम्ही बनवताय. स्थानकाच्या नावावर बोट ठेवलं की जावास्क्रिप्ट त्याच पानात तिथल्या वेळा दाखवते. नवं पान उघडत नाही, म्हणून ब्राउझरच्या लेखी काही घडलेलंच नसतं. लौजीच्या वेळा बघून कुणी 'मागे' दाबलं की तो यादीवर येण्याऐवजी थेट साइटबाहेर पडतो.

पूर्वी यावर उपाय होता पत्त्यातल्या # चा. त्यापुढचा मजकूर बदलला तरी पान पुन्हा लोड होत नाही, आणि इतिहासात नोंद मात्र पडते. २००९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला हा बदल कळायचा. त्याच्या जुन्या आवृत्त्यांसाठी लपवलेली आयफ्रेम ठेवून पत्ता सतत तपासत बसावं लागे. आता स्थानक उघडताना 'पुशस्टेट'ने नोंद करायची आणि 'मागे' दाबल्यावर येणारी 'पॉपस्टेट' ही घटना पकडून आधीचं दृश्य मांडायचं, एवढंच.

खरी अडचण पुढे आहे. पॉपस्टेट फक्त 'केळवली आली' एवढं सांगतं. वाचक मागे आला की पुढे गेला, ते सांगत नाही. डुलकीतून जागा झालेला प्रवासी फलक वाचतो, पण आधी पळसदरी गेलं की डोलवली, हे आठवल्याशिवाय गाडीची दिशा त्याला कळत नाही. या पद्धतीत ब्राउझर आधीचे पत्ते वाचू देत नाही, आणि ते योग्यच आहे. कुणी कुठे फिरून आलं हे साइटला कळायचं कारण नाही.

तेव्हा आठवण आपणच ठेवायची. पहिल्या नोंदीला, आहे तीच नोंद बदलणाऱ्या 'रिप्लेसस्टेट'ने, ० क्रमांक द्यायचा, पुढच्या प्रत्येक पुशस्टेटला एकेक वाढवायचा आणि चालू क्रमांक व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. पॉपस्टेट आलं की दोन्ही ताडायचे: २ वरून १ म्हणजे मागे, १ वरून २ म्हणजे पुढे. रिफ्रेश केल्यावर व्हेरिएबल पुसलं जातं, नोंदीतला क्रमांक टिकतो. म्हणून पान उघडताच आधी तो वाचायचा, नसेल तरच ० द्यायचा. ही पायरी हमखास राहून जाते.

कुणी लौजीचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला, तर तो उघडणाऱ्याचा क्रमांक ० असतो. पानावरच्या आपल्या 'यादी' बटणाने त्याला मागे ढकललं, तर तो बाहेर जाईल. इतिहासाची लांबी तपासूनही भागत नाही, कारण त्या टॅबमधली इतर साइटांची पानंही तीत मोजली जातात. तेव्हा क्रमांक ० असेल तर रिप्लेसस्टेट करून तिथेच यादी दाखवायची. फोनचं 'मागे' बटण मात्र अडवू नका. व्हॉट्सॲपवरून आलेल्याला त्या बटणाने व्हॉट्सॲपवरच परतता आलं पाहिजे.