मदतकार्यातील वाटांचे व वेळांचे गणित

आपल्या उदार आश्रयदात्यांस विदित आहेच की, संकटसमयी दिलेल्या प्रत्येक रुपयातील काही अंश वाहतुकीतच खर्ची पडतो. सबब अनेक गावांमधील अंतरे व वेळा थोड्या श्रमात कशा काढाव्या, याचे विवेचन येथे करणे अवश्य वाटते.

दिनांक 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा झाडे व विजेचे खांब उन्मळून ठिकठिकाणी रस्ते अडले. अशा वेळी नकाशावर पट्टी ठेवून काढलेले अंतर फसवे ठरते. आगरदांडा व दिघी ही राजपुरी खाडीच्या दोन काठांवरची गावे. वाहने नेणारी जंगलजेट्टी चालू असेल तर मालमोटार अल्प वेळात पैलतीरी पोहोचते; ती बंद राहिली तर तळा, माणगाव, म्हसळा असा मोठा वळसा पडतो. म्हणून मैलांपेक्षा घटकांचा हिशेब धरावा, व त्यात जेट्टीवर खोळंबण्याचा काळही मिळवावा.

समजा, धान्य 300 घरी पोहोचवावयाचे आहे. प्रत्येक घरापासून प्रत्येक घरापर्यंतची वेळ मोजू गेल्यास 89,700 नोंदी होतात. कारण घाटात किंवा जेट्टीवर जाण्याची व येण्याची वेळ सारखी नसते. इतका खटाटोप व्यर्थ होय. एका कोळीवाड्यातील वा वाडीतील घरे मिळून एक ठिकाण मानले, व अशी 40 ठिकाणे झाली, म्हणजे नोंदी 1,560 वर येतात. त्याही एकेक शोधावयाच्या नसतात. डच गणितज्ञ डायक्स्ट्रा यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेली रीत अशी : निघण्याच्या ठिकाणापासून जो नाका सर्वांत लवकर गाठता येतो, त्याची वेळ प्रथम कायम करावी, तेथून फुटणाऱ्या वाटांच्या वेळा तीत मिळवाव्या, मग उरलेल्यांत जो सर्वांत लवकरचा, तो कायम करावा. याप्रमाणे एका शोधात एका ठिकाणापासून इतर सर्व ठिकाणांच्या वेळा हाती येतात, व 1,560 शोधांचे काम 40 शोधांत भागते. शाळकरी मुलासही हे पाटीवर साधेल. हल्ली संगणक ते क्षणार्धात करितो.

सरळ रेषेचे अंतर अगदीच टाकाऊ नव्हे. कोणतीही वाट त्याहून आखूड असू शकत नाही. सबब त्या मापानेच जे गाव एका दिवसाच्या फेरीबाहेर जाते, ते आरंभीच वगळता येते.

तथापि कोष्टक हे वाटांच्या माहितीइतकेच खरे. कोणती गाडीवाट पावसात बंद पडते, कोणत्या साकवावरून भरलेली मोटार जाऊ शकत नाही, हे स्थानिक जमीनदार व व्यापारी मंडळींस जितके ठाऊक असते तितके नकाशास नसते. ती माहिती त्यांनी गाववार कळवावी. एखादा साकव हिशेबातून काढून सर्व 40 शोध पुन्हा करावयास कितीसा वेळ लागणार!