भीमा-घोडेच्या पाण्यातील मासळी व तिची राखण

शिरूर व दौंड हे तालुके समुद्रापासून दूर असले, तरी भीमा व घोड या नद्यांवर भोई समाजाची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घोड नदीवर चिंचणी येथे १९६५ मध्ये धरण झाले. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यात पोचतो. नदीच्या जागी जलाशय आल्याने मासेमारीचे स्वरूप पालटले व मासळी राखण्याची जबाबदारीही वाढली.

रोहू, कटला व मृगल हे मासे पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात सहसा घालीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी टोचणीच्या साहाय्याने या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे मत्स्यबीज तयार करून जलाशयात सोडणे सुलभ झाले. चिलापी मात्र साठलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितात व या जातींच्या अन्नात वाटेकरी होतात.

बीज सोडले म्हणजे काम संपले, असे नव्हे. शंभर ग्रॅमचे दहा मासे धरल्यास एक किलो मासळी मिळते. तेच मासे वर्षभर राखले व त्यांपैकी निम्मे मेले, तरी उरलेले पाच, अन्न विपुल असल्यास, प्रत्येकी पाऊण किलोचे होऊन पावणेचार किलो मासळी देतात. परंतु एकाने सोडलेला लहान मासा शेजाऱ्याच्या बारीक जाळ्यात जाणार असेल, तर संयम कोण पाळील? म्हणून हा प्रश्न एकट्याने सुटणारा नाही. तो मच्छीमार सहकारी संस्थेनेच सोडविला पाहिजे.

संस्थेने पुढील गोष्टी कराव्यात :

१. बारीक आसाची जाळी सर्वानुमते बंद करावीत.

२. कोकण किनाऱ्याप्रमाणे पावसाळ्यात मासेमारी थांबवावी; निदान नदी जलाशयास मिळते ती जागा मोकळी ठेवावी.

३. बोटुकली सभासदांसमक्ष मोजून सोडावी.

४. जात, वजन व दिवस यांची नोंदवही ठेवावी. माशांचे सरासरी वजन वर्षानुवर्षे घटू लागल्यास उपसा अधिक होत असण्याचा संभव आहे.

५. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी भीमेत येते. मासे मरू लागताच मत्स्यव्यवसाय खात्यास व प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे.

नियम सभासदांनी स्वतः ठरविले, तरच ते टिकतात. आज पाण्यात राखलेला मासा हीच संस्थेची खरी ठेव होय.