सवलतीची किंमत

मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल फेब्रुवारी २०१८मध्ये बंद झालं, तेव्हा हळहळणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यांतल्या किती जणांनी आदल्या वर्षभरात तिथून पुस्तक घेतलं होतं, हे विचारणं मात्र शिष्टाचाराला धरून नव्हतं. दुकान बंद पडलं की वाचन कमी झालं म्हणून आपण मोकळे होतो. कारण बरेचदा त्याहून रोकडं असतं. दुकानदार प्रकाशकाकडून मिळणाऱ्या कमिशनवर जगतो आणि गिऱ्हाइकाला द्यायची सवलतही त्यातूनच जाते. मोठ्या विक्रेत्याइतकी सवलत त्याने दिली, तर भाडं, पगार आणि कपाटात अडकलेलं भांडवल यांसाठी फारसं काही उरत नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाहा: जूनमध्ये पाठ्यपुस्तकं आणि गाइडं, पुढे दिवाळी अंक, बारा महिने स्पर्धा परीक्षा. कथा-कवितांचं कपाट तगतं ते बहुधा या गल्ल्यावर. म्हणून नव्या पुस्तकांवरच्या सवलतीला कायद्याने मर्यादा हवी, असं माझं मत आहे.

फ्रान्सने हे १९८१मध्येच केलं. तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त सवलत देऊ देत नाही. ब्रिटनमध्ये उलटं घडलं. ठरल्या किमतीलाच पुस्तक विकण्याचा तिथला १९००पासूनचा करार १९९०च्या दशकात मोडला आणि पुढच्या वीसेक वर्षांत स्वतंत्र दुकानं निम्म्याच्याही खाली आली. त्यात ऑनलाइन विक्रीचा आणि वाढत्या भाड्यांचा हात होताच. पण या दोन्ही गोष्टी फ्रान्सलाही चुकल्या नव्हत्या, तरी तिथे लहान दुकानं पुष्कळ टिकली.

ऑनलाइनमुळे गडचिरोलीतही पुस्तक घरपोच मिळतं, मग दुकानांचा एवढा कळवळा कशाला, असं कुणी म्हणेल. घरपोच मिळतं हे खरं, पण नाव ठाऊक असलेलं. बहिणाबाई चौधरींच्या खानदेशी बोलीतल्या कविता त्या हयात असताना पुस्तकरूपाने आल्याच नाहीत. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्र्यांना ऐकवल्या, अत्र्यांनी उचलून धरल्या आणि १९५२मध्ये संग्रह निघाला. त्याआधी तो मागणार कोण आणि कोणत्या नावाने? प्रत्येक बोलीला अत्रे भेटत नाहीत. जळगावात अहिराणीचा किंवा कुडाळात मालवणीचा एखादा संग्रह, कुणी पदरमोड करून काढलेला गावाचा इतिहास, हे गिऱ्हाइकापुढे सरकवायला तिथला जाणकार विक्रेता लागतो. संगणक आधीच्या खरेदीवरून पुढचं पुस्तक सुचवतो. ज्याची अजून खरेदीच झालेली नाही, ते त्याच्या हिशोबात उशिराच येतं.

वाचकाच्या खिशाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्ट्रँडची ख्यातीच मुळी सवलतीची होती, आणि १९४८मध्ये ते सुरू करणारे टी. एन. शानभाग पुस्तकविक्रीसाठी पद्मश्री मिळवून गेले. पण एका दुकानदाराने आपल्या नफ्यातून दिलेली सूट वेगळी आणि सगळ्या बाजारावर लादली गेलेली सूट वेगळी. सवलत द्यावीच लागणार हे प्रकाशकाला ठाऊक असलं, की तीनशेचं पुस्तक चारशेचं छापून तीनशेला विकण्याचा मोह सुटत नाही. अशी सूट म्हणजे वाचकाच्या एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकणं. तरीही कायद्यानंतर काही पुस्तकं महाग पडतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर उतारा ग्रंथालयांचा. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांच्या खरेदीला मर्यादेतून सूट द्यावी आणि अनुदानातला ठरावीक हिस्सा जिल्ह्यातल्याच दुकानांतून खर्च करण्याची अट घालावी. बिल मात्र पुस्तक कपाटात लागल्यावरच मंजूर व्हावं, नाहीतर कागदावरची खरेदी आपल्याकडे नवी नाही.